खिसा बघून पोराला दवाखान्यात न्यायचं ठरवतोय आम्ही, तुमच्याकडं पण असंच होतं का?

फुलेवाडीची आई (रात्री ११.४०)

नमस्कार. इथं बरेच दिवस वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलचक झालंय, सांभाळून घ्या.

मला दोन मुलं, मोठा तीन वर्षांचा आणि धाकटी आठ महिन्यांची. मिस्टर इथं कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहेत, मी घरात बसून ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. मागच्या वर्षापर्यंत ओव्हरटाइम धरून तेवीस-चोवीस हजार यायचे, माझे दोन-अडीच वेगळे. दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या, ओव्हरटाइम गेला, वरनं आठवड्यातनं एक दिवस ब्रेक देतात त्याचा पगार नाही. आता हातात सतरा-अठरा येतात, त्यात घरभाडं साडेचार.

मोठा लहान होता तेव्हा जरा अंग तापलं की लगेच राजारामपुरीत बालरोगतज्ज्ञांकडं न्यायचो. धाकटीच्या वेळी मी आधी पैसे किती आहेत ते बघते आणि मग थर्मामीटर काढते, खोटं कशाला सांगू. एका फेरीचा हिशेब सांगते, तपासणी ४००, औषधं साडेतीनशे ते पाचशे, रिक्षा जाऊन येऊन दीडशे, म्हणजे हजार गेलेच. चार दिवसांनी परत दाखवा म्हणतात तेव्हा मी जातच नाही, खेळायला लागलंय म्हटलं की विषय संपला.

मागच्या महिन्यात मोठ्याला सर्दी-खोकला झाला. तारीख होती २४. पगार ७ ला. मी ओव्याचा शेक दिला, हळदीचं दूध दिलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं एक खोकल्याचं औषध आणलं, असे चार दिवस काढले. पाचव्या रात्री त्याची छाती आत ओढायला लागली, नाकपुड्या फुलायला लागल्या, पाणीपण गिळेना. रात्री दीडला जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं, न्यूमोनिया, चार दिवस ॲडमिट, बिल १८,४००. माझी भिशी लागली होती त्यातले दहा हजार आणि बाकीचे नणंदेकडनं उसने घेतले. डॉक्टर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले की दोन दिवस आधी आणलं असतं तर ॲडमिट करायला लागलं नसतं. ते वाक्य डोक्यातनं जात नाही. आता पोरगं बरं आहे, खातंय पितंय, पण मला रात्री जाग येते आणि मी त्याचं पोट वर-खाली होतंय का बघत बसते.

पैशामुळं असा उशीर करणारी मी एकटीच आहे का? आणि बारीकसारीक दुखण्याला तुम्ही कुठं नेता? ॲडमिट झालं तर योजना आहे म्हणतात, पण मला ॲडमिट व्हायची वेळच येऊ द्यायची नाही. मिस्टरांचं ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पहिलं होतं, पगार एकवीस हजाराच्या वर गेला म्हणून दीड वर्षापूर्वी बंद केलं असं कंत्राटदाराच्या माणसानं सांगितलं.

---

राजारामपुरी गल्ली

ताई, एकट्या नाही तुम्ही. मी उलट्या बाजूनं सांगते, राग मानू नका. आमचं बरं चाललंय, दोघं नोकरीला. तुमची पोस्ट वाचून मी माझ्या मुलीची फाईल काढली आणि मागच्या वर्षातल्या फेऱ्या मोजल्या. चौदा! त्यातल्या नऊ-दहा वेळा डॉक्टरांनी व्हायरल आहे, होईल बरं, एवढंच सांगितलेलं. म्हणजे मी चारशे रुपये औषधाचे देतच नव्हते, "काळजीचं काही नाही" हे ऐकायचे देत होते. आणि चार वेळा अँटिबायोटिक झालंय, त्यातलं एक तर मीच मागे लागून लिहून घेतलेलं, ते आता कळतंय की चुकलं.

आमच्याकडं धुण्याभांड्याला येतात त्यांची मुलगी माझ्या मुलीपेक्षा दोनच महिन्यांनी लहान. दोघी एकाच पावसाळ्यात आजारी पडल्या. माझी चौदा वेळा डॉक्टरकडं गेली, ती वर्षात एकदाच गेली आणि ती एकदा थेट ॲडमिट व्हायला गेली, जुलाब होऊन पार वाळली होती. त्यांनी मला विचारलंच नाही, कारण पगारातले दोन हजार आधीच उचल घेतलेले. मला वाटायचं माझी मुलगी जास्त आजारी पडते. आजारी त्या दोघी सारख्याच पडत होत्या हो.

---

शुक्रवारपेठकर

एक कळत नाही, सरकारी दवाखाने कशाला बांधलेत मग? सीपीआर आहे, बावड्यात सेवा रुग्णालय आहे, महापालिकेचं सावित्रीबाई फुले हॉस्पिटल आहे. तिथं जायचं नाही, राजारामपुरीत जायचं, आणि मग पैसे नाहीत म्हणायचं. आमचे आई-वडील आम्हा पाच भावंडांना घेऊन सरकारीतच जायचे. आणि सगळं फुकट केलं तर लोक साध्या शिंकेला पण रांगेत उभे राहतील आणि खऱ्या आजारी पोराला जागा मिळणार नाही.

---

फुलेवाडीची आई

काका, तुमचं बरोबर आहे, पण मी गेलेय की. नाव घेत नाही, धाकटीला घेऊन एका सरकारी दवाखान्यात सकाळी साडेआठला गेले ते घरी यायला पावणेदोन झाले. डॉक्टर चांगले होते, नीट तपासलं, औषध तिथंच मिळालं, तक्रार काहीच नाही. पण मोठ्याला कुणाकडं ठेवायचं? शेजारणीकडं ठेवला. त्या दिवशी द्यायचे तीन ब्लाऊज राहिले, त्याचे साडेचारशे बुडाले आणि गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. मिस्टरांनी यायचं तर खाडा. केएमटीच्या बसनं एक पोर काखेत आणि एक हाताला धरून जायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. म्हणून मी तो खर्च पण धरते.

---

आशाताई करवीर

ताई मी आशा आहे करवीर तालुक्यात, तेरा वर्षं झाली. तुमचं वाचून पोटात तुटलं बघा.

खाडा हा शब्द तुम्ही वापरला तेच खरं कारण आहे. आमच्याकडं प्राथमिक आरोग्य केंद्रात एक रुपया लागत नाही तरी बायका दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत येत नाहीत. भांगलणीला गेलं तर हजेरी मिळते, पोराला घेऊन गेलं तर हजेरी गेली आणि वडापचे पैसे वरनं. गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात तर एसटीचा भरवसा नाही, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रस्तेच बंद होते तेव्हा काय केलं असेल लोकांनी विचार करा. आणि तोपर्यंत घरातली म्हातारी माणसं म्हणतात की डबा झालाय पोराला, कुणीतरी पोटावर बिब्बा घालतं, कुठं कुठं अजून डाग देतात, मी स्वतः चटक्याचे व्रण बघितलेत दोन महिन्यांच्या बाळाच्या पोटावर. तो डबा म्हणजेच न्यूमोनिया हो. कुठलीही बाई हौस म्हणून तसं करत नाही, जवळ दुसरं काही नसतं म्हणून करते.

आता कामाचं सांगते. धाकटी आठ महिन्यांची ना? एक वर्षाच्या आतलं बाळ आजारी पडलं तर सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध, रक्त-लघवी, ॲडमिट करणं, आणि न्यायला आणायला गाडीसुद्धा मोफत असते, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात. २०११ ला सुरू झालं तेव्हा महिनाभराच्या बाळापर्यंत होतं, नंतर वर्षापर्यंत वाढवलं. लै जणींना माहीतच नाही. रात्री दीडला छाती ओढत असताना १०८ ला फोन करायचा, ती गाडी पैसे घेत नाही, गाडीत डॉक्टर असतो आणि ऑक्सिजन पण असतो.

लसी सगळ्या सरकारीत घ्या, डोळे झाकून. न्यूमोनियाची लस बाहेर काही हजार रुपये मोजून घेतात ना, ती २०२१ पासून सरकारीत सगळीकडं फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. रोटाची जुलाबाची पण आहे. धाकटीला नऊ महिने झाले की गोवर-रुबेला, न्यूमोनियाचा बूस्टर, पोलिओचं इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, एवढं ध्यानात ठेवा. मोठ्याचं कार्ड काढून बघा दीड वर्षाचा डोस झालाय का, तिथंच सगळ्या आया विसरतात कारण तोवर पोरगं पळायला लागलेलं असतं.

आणि अंगणवाडीत नाव घाला त्याचं. वर्षातनं दोनदा डॉक्टरांची टीम अंगणवाडीत येऊन तपासते, हृदयाचं, कानाचं, वाढीचं, सगळं. हे काम तर २०१३ ला आपल्या महाराष्ट्रातनंच, पालघरमधनं सुरू झालं. तिथं तुम्हाला खाडा करायला लागत नाही, डॉक्टर पोराकडं येतो.

---

काउंटरवरचा

मेडिकल दुकानात काम करतो, शाहूपुरीत. काउंटरच्या आतनं जे दिसतं ते लिहितो.

महिन्याच्या १० तारखेला चिठ्ठी घेऊन आलेला माणूस सगळी औषधं घेतो. २५ तारखेला तोच माणूस तीच चिठ्ठी पुढं करून विचारतो, "यातलं महत्त्वाचं कुठलं, तेवढंच द्या". हे मी रोज ऐकतो, रोज. आणि २० नंतर चिठ्ठीच नसलेली लोकं वाढतात, पोराला ताप आहे काहीतरी द्या म्हणून. आपण डॉक्टर नाही. मी तोंडावर सांगतो की बाळ दोन वर्षाच्या आतलं असेल तर खोकल्याचं औषध देणार नाही, भांडा हवं तर. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात भेसळीच्या खोकल्याच्या औषधानं पोरं दगावली तेव्हा केंद्र सरकारनं पण पत्रक काढलं की दोन वर्षाच्या आत सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांपर्यंत शक्यतो नकोत. तुम्ही चार दिवस जे दिलं त्यानं छातीतलं काही बरं होणार नव्हतं ताई, नुसती उबळ दबली असेल आणि तुम्हाला वाटलं असेल कमी आलंय.

अजून एक, लै महत्त्वाचं. तापाचं पॅरासिटॅमॉल थेंबात वेगळ्या ताकदीचं असतं आणि बाटलीतल्या पातळ औषधात वेगळ्या. थेंबात एका मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम, बाटलीत पाच मिलीमध्ये १२० किंवा २५०. मोठ्याची शिल्लक राहिलेली बाटली धाकटीला, थेंबाचं माप बाटलीला, असले घोळ पैसे वाचवायच्या नादात होतात. वजनावर डोस असतो, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. शंका आली तर आमच्याकडं या, बाटली घेऊन या, आम्ही माप सांगतो, त्याचे पैसे कुणी घेत नाही.

ओआरएसचं पाकीट आणि झिंकच्या गोळ्या घरात ठेवा. सरकारी केंद्रात फुकट मिळतात. जुलाबात झिंक १४ दिवस द्यायचं असतं, जुलाब थांबले तरी.

---

वार्डातला रात्रपाळीवाला

मी सरकारी रुग्णालयात बालरोग विभागात शिकतोय, कुठल्या ते सोडा. थोडक्यात लिहितो, उद्या परत ड्युटी आहे.

ताई, पहिली गोष्ट. तुम्ही पाचव्या रात्री आणलंत. आमच्याकडं आठव्या-नवव्या दिवशी येतात, आधी दोन ठिकाणी इंजेक्शन घेऊन आणि तिसऱ्या ठिकाणी कर्ज काढून. तुम्ही छाती ओढतेय हे ओळखलंत आणि रात्री दीडला उठून गेलात म्हणून पोरगं चार दिवसांत घरी आलं. स्वतःला खाऊ नका.

दुसरी गोष्ट, सगळ्या आयांनी पाठ करावी अशी. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचं कापड वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात चाललाय, त्याच दिवशी दाखवायचं, पैसे असोत नसोत. छाती आत ओढतेय, दूध-पाणी घेत नाही, सारखी उलटी, झटका, नुसतं गुंगीत पडलंय, यातलं काहीही असेल तर त्याच तासाला. उरलेल्या साध्या सर्दीला घरी थांबलात तर काही चुकत नाही, खरंच. हजार रुपये कधी वाचवायचे आणि कधी नाही ते ह्या मोजण्यावरनं ठरवा, तारखेवरनं नाही.

तिसरी गोष्ट योजनेची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना पण घेतलंय, पण ती योजना ॲडमिट करून होणाऱ्या ठराविक उपचारांना आहे. ओपीडीतला खोकला तिच्यात बसत नाही. म्हणजे पोराला धाप लागली की सरकार पैसे भरतं आणि धाप लागायच्या आधीच्या तपासणीचे पैसे आईनं काढायचे. आम्ही वार्डात याच्यावरच बोलत असतो, कारण आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी पोरांना आधी साध्या तोंडानं घ्यायच्या औषधानं भागलं असतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून सगळं मोफत आहे. सीपीआर मेडिकल कॉलेजकडं म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, तो निर्णय आरोग्य विभागापुरता होता, म्हणून तिथं जाताना हा फरक डोक्यात ठेवा. साध्या दुखण्याला घराजवळचं महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र गाठा, मोठ्या रांगेत यायची गरज नाही.

---

सागरमाळ सायंकाळ

शुक्रवारपेठकर यांच्या मुद्द्यावर लिहायचं होतं. मी अर्थशास्त्र शिकवतो.

फुकट केलं तर लोक शिंकेला पण येतील, हा प्रश्न चुकीचा नाही, अमेरिकेत यावर मोठा प्रयोगच झालाय. १९७४ ते १९८२, रँड नावाच्या संस्थेनं हजारो कुटुंबांना चिठ्ठी टाकल्यासारखं वेगवेगळ्या योजनांत घातलं, कुणाला उपचार पूर्ण मोफत, कुणाला खर्चातला काही वाटा खिशातनं. पैसे भरायला लागले ती माणसं डॉक्टरकडं कमी गेली, हे तर अपेक्षितच होतं. पण त्यांनी फक्त बिनकामाच्या फेऱ्या कमी केल्या का? तर नाही. गरजेच्या आणि बिनगरजेच्या दोन्ही सारख्याच कमी केल्या. कारण घरी बसलेल्या आईला कुठली सर्दी साधी आणि कुठली न्यूमोनिया होणार हे आधी कळायचं कसं? तेच कळण्यासाठी तर डॉक्टरकडं जायचं असतं. म्हणून फी ही गाळणी म्हणून चालत नाही, ती सगळंच अडवते.

दुसरं, २००२ मध्ये केस, लुबोत्स्की आणि पॅक्सन या तिघांनी अमेरिकेतल्या मुलांच्या माहितीवरनं दाखवलं की गरीब आणि सधन घरातल्या मुलांच्या तब्येतीतलं अंतर लहानपणी कमी असतं आणि वयाबरोबर वाढत जातं. एकेक आजार, एकेक अर्धवट राहिलेला उपचार असं साचत जातं. आपल्याकडं तर सुरुवातच खालनं आहे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१, देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ६७ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि आधीच्या पाहणीत हाच आकडा ५८-५९ होता. रक्त कमी असलेलं पोर पुन्हा पुन्हा आजारी पडतं आणि प्रत्येक वेळी ह्या ताईंसारखा हिशेब नव्यानं मांडायला लागतो.

---

रंकाळ्याचा, सध्या डब्लिन

आम्ही मंगळवार पेठेतले, इकडं आयर्लंडमध्ये आठ वर्षं झाली. इथलं सांगतो कारण ताईंचं वाचून अगदी तेच आठवलं.

इथं उत्पन्न ठराविक मर्यादेच्या खाली असेल तर कार्ड मिळतं, डॉक्टर फुकट. त्याच्या वरच्या माणसानं जनरल प्रॅक्टिशनरला एका भेटीला पन्नास-साठ युरो मोजायचे. म्हणजे सगळ्यात अडकतो कोण, तर मर्यादेच्या जरासा वर असलेला. माझ्याबरोबर गोदामात काम करणारा एकजण असाच होता, त्याच्या सात वर्षांच्या मुलाला कानदुखी झाली की आठवडाभर थांबायचा. यांनी जुलै २०१५ लाच सहा वर्षाखालच्या सगळ्या मुलांना डॉक्टरची भेट मोफत केलेली, उत्पन्न न विचारता, पण सात वर्षांचा पोरगा त्यात बसत नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये ते आठ वर्षाखालपर्यंत वाढवलं. आमची मुलगी त्यातच वाढली. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सवयीनं पाकीट काढलं आणि रिसेप्शनवरची बाई नुसतं नाही म्हणून मान हलवली. रांग वाढली का, वाढली, भेटीसाठी दोन-दोन दिवस थांबायला लागतं कधीकधी. पण तो गोदामातला मित्र धाकट्याच्या वेळी आठवडाभर थांबला नाही.

तुमच्या मिस्टरांचं पण मर्यादेच्या जरासं वर असंच दिसतंय मला, ईएसआयच्या.

---

पगारपत्रक

बरोब्बर तिथंच अडकलो मी पण! मी गोकुळ शिरगावला एका कारखान्यात ऑफिसला आहे, पीएफ-ईएसआय माझ्याकडंच.

ताई, मिस्टरांची जुनी पगाराची स्लिप काढा. ईएसआयची २१ हजाराची मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. परत सांगतो, धरत नाहीत. मिस्टरांचं बंद केलं तेव्हा वर्गणी ओव्हरटाइमवर पण कापायचे, पण माणूस मर्यादेत आहे का नाही ते बघताना तो सोडून बघतात. तुम्ही लिहिलंय ओव्हरटाइम धरून तेवीस-चोवीस. मग ओव्हरटाइम सोडून किती होते? वीस असतील, साडेवीस असतील, तर बंद करायलाच नको होतं. आणि खरंच वर गेलेलं असतं तरी मधेच तोडता येत नाही, एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च असा जो सहा महिन्यांचा काळ चालू असेल तो संपेपर्यंत चालू ठेवायला लागतं.

कामगाराचे ०.७५ टक्के कापतात, मालकाचे ३.२५ टक्के. वीस हजारावर तुमचे होतात दीडशे आणि मालकाचे साडेसहाशे. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, कंत्राटदाराकडं हिशेब करणारा पोरगा नवा असला की एकूण आकडा बघून काढून टाकतो, मी स्वतः असं झालेलं दुरुस्त केलंय.

आणि हे का सांगतोय, तर ईएसआयमध्ये ओपीडी आहे. बायको-पोरं सगळी. साधा खोकला, ताप, औषध, सगळं दवाखान्यातनं. ॲडमिट व्हायची वाट बघायला लागत नाही. तुम्हाला जे पाहिजे होतं तेच आहे ते. स्लिप बघून इथं लिहा, अर्ज कसा करायचा मी सांगतो.

---

शुक्रवारपेठकर

ताई, मी मघाशी फटकन लिहिलं. खाड्याचं डोक्यात आलं नव्हतं, आमच्या वेळी आजी घरात असायची, बाकीची पोरं तिच्याकडं टाकून आई जायची, हे आता आठवलं. लसीला किंवा दवाखान्यात जाताना मोठ्याला ठेवायला कुणी नसलं तर आमच्या मंडळाच्या बायका आहेत पेठेत, निरोप द्या.

---

फुलेवाडीची आई (आठ दिवसांनी)

सगळ्यांना एकदम लिहिते. रोज वाचत होते पण वेळ मिळत नव्हता.

मोठ्याचं कार्ड काढलं. आशाताई म्हणाल्या तेच, दीड वर्षाचा डोस राहिलेला, तेव्हा आम्ही गावाला होतो आणि नंतर विसरलोच. मंगळवारी नागरी आरोग्य केंद्रात नेलं, तिथल्या सिस्टरांनी आधी ओरडून घेतलं आणि मग कार्डवर लिहून दिलं काय काय राहिलंय, एक इंजेक्शन त्याच दिवशी झालं. पाऊण तासात घरी आले. इतकं जवळ आहे आणि मी दोन वर्षं समोरनं भाजी आणायला जात होते. धाकटीची नऊ महिन्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलीय. अंगणवाडीत पण नाव घातलं.

श्वास मोजायचं मिस्टरांना पण शिकवलं. परवा धाकटीला सर्दी झाली तेव्हा आम्ही दोघांनी मोबाईलचं घड्याळ लावून मोजलं, तिचे ३८ आणि मग परत ३६. घरीच थांबलो. पहिल्यांदा असं झालं की मी थांबले आणि पैसे नाहीत म्हणून नाही थांबले. दुसऱ्या दिवशी परत मोजलं, तिसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं.

आता स्लिपचं. मागच्या वर्षीची मार्चची सापडली, गादीखाली ठेवलेली. ओव्हरटाइम सोडून २०,३०० आहे. ओव्हरटाइम ३,४००. @पगारपत्रक दादा, म्हणजे तुमचं खरं निघालं. मिस्टर आधी नको म्हणत होते, असल्या दिवसांत कशाला बोलायचं, आधीच ब्रेक देतात, उद्या कायमचाच देतील. मी म्हटलं मग मी येते गेटवर. शेवटी ते स्वतःच गेले, स्लिपची झेरॉक्स घेऊन. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला बघतो, सोमवारी सांगतो. जुना ईएसआय नंबर मिस्टरांकडं आहे, ई-पहचान कार्डाची प्रिंट पण आहे, फोटो जुना, त्यात धाकटीचं नावच नाही कारण ती तेव्हा झालीच नव्हती.

तिचं नाव घालायला जन्माचा दाखला लागेल ना? आणि सोमवारी त्यानं टोलवाटोलवी केली तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा, मिस्टरांच्या सहीनं का माझ्या पण चालतं?